घरच्यांसाठी सोडलेला समास

आमचं शेत नव्हतं, तरी दिवाळीपासून होळीपर्यंत घरात कापूस असायचा. बाबांच्या भुवयांवर, कानाच्या पाळीत, सदऱ्याच्या खिशाच्या शिवणीत. ते बोरी अरबच्या बाहेर असलेल्या जुन्या जीनवर, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यात, फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारं जे यंत्र असतं, त्याला आमच्याकडं रेचा म्हणतात. असे बारा रेचे बाबांच्या हाताखाली होते. आई दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जायची. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं फाटलेली असत, त्यामुळं कणीक मळताना ती डावा हात वापरायची. घर एका खोलीचं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्या तसबिरींखाली माझ्या अभ्यासाची लोखंडी पेटी. पाऊस लागला की जीन बंद, वेचणी बंद, आणि चार महिने आम्ही जे मिळेल ते खायचो. बहुतेक वेळा ज्वारीच्या कण्यांची आंबील.

मग कापसाचे वाईट दिवस आले. गावात माल कमी येऊ लागला, जो यायचा तो व्यापारी गाडीत भरून पांढरकवड्याकडं, हायवेवरच्या नवीन जिनांवर नेऊ लागले. आमची जीन एका वर्षी दिवाळीनंतर सुरूच झाली नाही. बाबा तरी रोज तिथं जाऊन बसायचे. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. एके दिवशी डबा घेऊन गेले, तर गेटमधून दिसलं : शेठ खुर्चीत बसलेला, आणि समोर बाबा हात जोडून उभे. बुद्धवंदनेशिवाय बाबांनी कोणासमोर हात जोडलेले मी पाहिले नव्हते. मी तशीच मागं फिरले. घरी येऊन आईला सांगितलं, बाबा भेटले नाहीत.

त्यानंतर बाबांनी वीटभट्टीवर काम केलं, नवीन जिनांवर गठाणी उचलल्या. फिटर माणूस हमाल झाला. त्याबद्दल आमच्या घरात कोणी काही बोललं नाही. मी बी.ए. झाले. यवतमाळला विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, तिथं मराठीला नाव घातलं.

केंद्राची लायब्ररी एका बैठ्या इमारतीत होती. तिच्या मागच्या ओट्यावर आम्ही चौघं बसायचो. आमच्या बसण्याला काही नाव नव्हतं, ठराव नव्हता, अध्यक्ष नव्हता. बाकीची मुलं आम्हाला ‘वहीवाले’ म्हणत. चौघांमध्ये वयानं मोठा होता तो पांढरकवड्याचा. त्यानं सहा वर्षं ट्रक चालवला होता, मग शिकायला परत आला होता. लग्न झालेला. आम्ही त्याला दादा म्हणायचो. दुसरा मारेगावकडचा, उंच, शेतकऱ्याच्या घरचा, कविता करणारा. तिसरी माझी मैत्रीण, दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावरची. ती घरी गोरबोली बोलायची, आमच्याशी वऱ्हाडी, सरांशी पुस्तकी मराठी, आणि तिन्हीत सारखीच फटकळ. चौथी मी.

वही म्हणजे एक लांबडं, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. दर सत्रात एक. त्यात प्रत्येकानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं. दुसरी प्रत नाही. पण या वहीचा खरा कायदा वेगळा होता, आणि तो दादानं केला होता. झालं असं, की केंद्राच्या एका कार्यक्रमाला शहरातून एक पाहुणे आले होते. आमचं लिखाण ऐकून ते म्हणाले की यात मातीचा आवाज आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओट्यावर परत आल्यावर दादा म्हणाला,

“माती काय बोलते रे? आपल्या घरच्यायले इचारलं कोनी, का आम्ही तुमच्यावर लिहून राह्यलो, तुमाले चालते का?”

मारेगावकर म्हणाला, “माहा बाप कविता ऐकन? थो रेडिओवरचे बाजारभाव ऐकते, अन् थेही शिव्या देत.”

“मंग शिव्या लिहू,” दादा म्हणाला.

त्या दिवसापासून कायदा ठरला. प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूला चार बोटं समास सोडायचा. वही आळीपाळीनं आठ-आठ दिवस एकेकाच्या घरी जाणार. ज्यानं लिहिलं त्यानं ते घरच्यांना वाचून दाखवायचं, आणि ऐकणारा जे बोलेल ते जसंच्या तसं समासात उतरवायचं. वहीत लिहिलेलं काही खोडायचं नाही. समास कोरा राहिला तर ती पानं ब्लेडनं कापायची. दादानं स्वतःची पानं दोनदा कापली होती, कारण बायको माहेरी होती आणि घरी ऐकणारं कोणी नव्हतं.

पहिल्या वहीचे समास अजून मला पाठ आहेत. मारेगावकरानं भर दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या बैलावर दीड पानाची कविता लिहिली होती. त्याच्या वडिलांचं म्हणणं समासात असं : “बैल उन्हात काहून ठेवला? सावलीत बांधला असता तं एवढं लिहा लागलं नसतं.” माझ्या मैत्रिणीनं तिच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, लग्नातल्या घागऱ्यावर लिहिलं होतं. याडी म्हणाली होती की यात आरसे किती, ते नाही, रंग कोणता, तेही नाही, मग हा घागरा माझाच कशावरून? मैत्रिणीनं ते गोरबोलीत लिहून खाली मराठीत अर्थ दिला होता, आणि त्याखाली स्वतःच्या हातानं : “खरं आहे.”

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरून बरेच लोक यायचे. जीपगाड्या, कॅमेरे. कुठल्या घरातल्या शेतकऱ्यानं जीव दिला, तिकडचा रस्ता विचारत. एकदोन संपादकांची पत्रं केंद्रात आली की तुमच्यातल्या कोणी त्यावर लिहावं. दादा पत्र वाचून बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, “आपल्याकडं जित्या माणसाले मागणीच नाही.” आमच्या घरी शेत नव्हतं, म्हणून आमचा रस्ता तर कोणी विचारलाच नाही. मला त्याचा रागही यायचा आणि सुटल्यासारखंही वाटायचं. दोन्ही खरं.

पहिल्या दोन वह्यांतली माझी पानं मी कोरीच सोडली होती, म्हणून वही आमच्या घरी कधी आली नव्हती. तिसऱ्या सत्राच्या वहीत मी कथा लिहिली. जीन बंद पडते, फिटर मालकाच्या पाया पडायचाच बाकी राहतो, कामासाठी हात जोडतो, आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून रडतो. मुलगी ते सगळं पाहते. लिहिताना मला कुठंही अडलं नाही. ओट्यावर दादानं ती मोठ्यानं वाचली. ओट्यावर लिहिणाऱ्यानं स्वतःचं वाचायचं नाही, असंही आमच्यात होतं. वाचून झाल्यावर कोणी मस्करी केली नाही. मारेगावकर एवढंच म्हणाला, “हे जमलं तुले.” मला ते पुरेसं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी इथं नाव लागलं म्हणून नाही, तर काही येतं म्हणून बसले आहे.

मग वही माझ्या घरी जायची पाळी आली.

मी आठ दिवस गावी राहिले, आणि ती पेटीवर पडून होती. बाबा समोर होते, आई समोर होती. बाबा चौथी शिकलेले, पाटी-बोर्ड वाचायचे, पण लांब लिखाण त्यांना वाचूनच दाखवावं लागे. आई रोज विचारायची, “हे एवढं मोठं बुक कायचं वं?” मी म्हणायचे, कॉलेजचं. मला ती कथा बाबांसमोर वाचणं शक्यच नव्हतं. मी त्यांना त्या दिवशी पाहिलं, हेच त्यांना माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी ते झाकून ठेवलं होतं, आणि झाकलेलं आता चार लोकांत वाचून झालं होतं, फक्त त्यांच्यासमोर नाही.

नवव्या दिवशी एसटीत बसले. समास कोरा. पानं कापली जाणार, ही खात्री. दारव्हा रोडच्या खड्ड्यांमध्ये गाडी उड्या मारत होती. मी पेन काढला आणि समासात लिहिलं : “बाबा म्हणाले – पोरी, माझं दुःख तू शब्दांत मांडलंस.” अक्षर वाकडं आलं. मला वाटलं, बरंच झालं, घाईत उतरवल्यासारखं दिसेल.

ओट्यावर वही उघडली गेली. माझ्या मैत्रिणीनं समास वाचला, आणि परत वाचला. मग ती हसायला लागली.

“शब्दांत मांडलंस म्हणे! तुह्या बाबानं हे म्हटलं असंल तं माही याडी इंग्रजी बोलते.”

“म्हणजे?” मी म्हटलं.

“म्हणजे काय? तीन वह्या झाल्या. घरच्या मानसानं आजपर्यंत कोनाची तारीफ केली काय? माहा घागरा चुकला, याचा बैल चुकला, दादाच्या बायकोनं तं म्हटलं का तुमच्या ट्रकनं डिझेल किती पेलं थे लिहा. अन् तुहाच बाप एकदम सत्काराचं भाषण करते?”

मारेगावकर वर बघत नव्हता. दादानं मला सरळ विचारलं, “वाचलं का नाही घरी?”

मी खोटं बोलू शकले असते. पण मी म्हटलं, “नाही.”

दादा रागावला नाही. त्यानं खिशातून ब्लेड काढलं, पुड्यात होतं तसंच, आणि वहीवर ठेवलं. “पानं काप, नाहीतर घरी जा अन् वाच. बाकी काही नाही.”

मला वाटलं होतं की कथा चांगली आहे म्हणून ते कायदा वाकवतील. निदान कोणी म्हणेल, जाऊ दे. कोणी म्हटलं नाही. मी म्हटलं, “कापा तुम्हीच. मले यायचंच नाही उद्यापासून.” आणि निघाले. दादा मागून म्हणाला, “मी कापनार नाही. वही तुह्याकडंच राहू दे.” मैत्रिणीनं ती धावत येऊन माझ्या हातात कोंबली.

चार दिवस मी ओट्याकडं गेले नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे, तास संपला की होस्टेलवर. मी हुशार आहे, मला वहीची गरज नाही, असं स्वतःला सांगत होते. पाचव्या दिवशी मैत्रीण माझ्या खोलीवर आली, खाटेवर मांडी घालून बसली, आणि माझ्यासाठी आणलेले शेंगदाणे स्वतःच खात म्हणाली,

“एक सांग. तू भेतं कोनाले? आमाले का बाबाले?”

मी खाटेवर पडलेली टरफलं झटकू लागले.

“आमाले भेत असशील तं पानं कापून टाक, आमी उद्या इसरतो. बाबाले भेत असशील तं मंग थे कथा तुही नाहीच. त्याईची हाय, अन् तू त्याईले न सांगता उचलली.”

मी तिला म्हटलं, तू निघ इथून. ती शेंगदाण्यांची पुडी घेऊनच गेली. रविवारी मी गावाला गेले.

दुपार होती. बाबा दारात बसून शेजाऱ्याचा फवारणीचा पंप दुरुस्त करत होते. वॉशर काढून त्यांनी जमिनीवर ओळीनं मांडले होते. आई चुलीसाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्या मोडत होती. मी वही उघडली आणि म्हटलं, “बाबा, मी एक लिहिलं आहे. वाचून दाखवायचं आहे.”

“दाखव नं. मी का नको म्हणून राह्यलो?”

मी वाचलं. वर न पाहता, शेवटपर्यंत. काड्या मोडण्याचा आवाज मध्येच थांबला होता, ते मला कळलं. वाचून झालं तेव्हा बाबा एक वॉशर बोटांत फिरवत होते.

“तू कुठं उभी होती?” त्यांनी विचारलं.

“गेटजवळ.”

“तिथून ऐकू येते काय?”

“नाही.”

“मंग काम मागतलं असं कायवरून लिहिलं?”

मी वहीतलं ते पान मागं उलटलं.

“जीनच बंद पडली, काम कुठून देनार थो मानूस? एवढी अक्कल मले नाही काय? मी कागद मागत होतो. हा मानूस अठरा वर्सं माह्या जीनवर फिटर होता, एवढं लिहून द्या म्हटलं. हायवेवरच्या जीनवाले कागद मागत. बिनाकागदाचा फिटर त्याईले चालत नव्हता.”

“मग दिला?”

“देतो म्हने. मुनीम आला का देतो. थो मुनीम अजून येऊनच राह्यला.”

आई हसली. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, “अन् रडले नाही थे. वांग्याची भाजी होती, दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्या दिवशी. डबा तू वापस आनलता नं. म्हटलं, बाबा जीनमध्येच तं हायत, हिले भेटले कसे नाही?” म्हणजे आईला तेव्हापासूनच माहीत होतं. मी एकटीच समजत होते की मी काही झाकून ठेवलं आहे.

बाबांनी वॉशर पंपात बसवला. मग म्हणाले, “माहे हात लिहिले तू. जोडलेले. त्या हातानं अठरा वर्सं काय केलं, त्याचं एक अक्षर नाही. रेच्याचा रूळ माहीत हाय तुले? सुरी कशी बसते?”

“नाही.”

“फिटरवर लिहाले बसली अन् रूळ माहीत नाही! मास्तर काय शिकवतात तुमाले तिथं?”

त्यानंतर ते बोलले, संध्याकाळपर्यंत. इतकं सलग बोलताना मी त्यांना आधी ऐकलं नव्हतं. रुळावर चामडं असतं आणि त्यावर खाचा पाडाव्या लागतात. रूळ आणि सुरी यांच्यात किती अंतर ठेवायचं ते मापानं नाही, आवाजावरून कळतं. अंतर कमी झालं तर सरकी फुटते आणि रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, तेलाचे डाग पडतात. जास्त झालं तर सरकीला कापूस राहतो. बारा रेचे एकदम चालू असताना कोणता बिघडला ते बाबांना ऑफिसात बसून कळायचं. एकदा पट्टा तुटून एका बाईच्या अंगावर येणार होता, तो त्यांनी कसा वळवला, ते सांगताना त्यांनी पंपाची नळी हातात धरून दाखवली. समास केव्हाच भरला. मी वहीची मागची कोरी पानं घेतली, तीही भरली. शेजारी पंप न्यायला आला, तर त्यालाही बसवून ठेवलं.

उठताना बाबा म्हणाले, “आता लिही. अन् हात जोडले थे काढू नको. जोडले तं जोडले. फक्त कायले जोडले थे बरोबर लिही.”

सोमवारी मी ओट्यावर गेले. कोणी काही विचारलं नाही. वही दादाच्या हातात दिली. त्यानं समास वाचला, मग मागची पानं, मोठ्यानं, सगळी. रुळाच्या खाचांपाशी तो थांबला आणि ती ओळ परत वाचली. ट्रक चालवलेल्या माणसाला यंत्राचं बोलणं आवडलं असावं. मारेगावकर म्हणाला, “तुह्या बापाले घ्या बे इथं. आपल्याहून चांगलं सांगते थो.” मैत्रीण म्हणाली, “मी सांगतलं होतं का नाही?” तिनं तसं काहीच सांगितलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही.

एसटीत लिहिलेलं ते वाक्य मला खरवडून काढायचं होतं. दादा म्हणाला, कायदा म्हणजे कायदा, खोडायचं नाही. मग मी त्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलं, “हे खोटं आहे. मी रचलं.” आणि तारीख टाकली. ती वही आता मैत्रिणीकडं आहे. तिच्या मुलांनी ते वाक्य वाचलं आहे आणि मला त्यावरून चिडवलंही आहे.

कथा मी नव्यानं लिहिली. दोन महिने लागले, कारण दर पंधरा दिवसांनी मी गावी जाऊन नवीन पानं वाचायचे आणि बाबा चुका काढायचे. ते माझ्यावर खूश होते असं मी म्हणणार नाही. मी चुकत होते आणि ते दुरुस्त करत होते. रेचा बिघडला तर करायचे तसंच.

त्या शेठनं कागद शेवटपर्यंत दिला नाही. बाबा हमालीतच म्हातारे झाले. ते मी बदलू शकले नाही.

मी एम.ए. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरात पहिली, आणि वस्तीतल्या मुलींमध्येही पहिली. पुढं तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले. जीनवर काम करणाऱ्या माणसांच्या कथांचं माझं पुस्तक छापून झालं. छापायच्या आधी बाबांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकलं, आणि त्यात कामाची एकही चूक निघाली नाही.